आत्याची भिंत

कुसुमआत्याला राग आला की आधी तिच्या बांगड्या गप्प होत. एरवी त्या हिरव्या काचेची किणकिण तिच्या हातांच्या पुढे पुढे धावायची. पीठ मळताना, भांडी विसळताना, दारातल्या तुळशीला पाणी घालताना. पण रागाच्या वेळी ती बांगड्या पार कोपरापर्यंत मागे सारायची, आणि त्या निःशब्दतेत तिचे डोळे वैशाखातल्या कातळासारखे तापत जायचे.

घाटकोपरच्या टेकडीवर, कौलारू बैठ्या चाळीत तिचं घर होतं. शाळेला सुट्टी लागली की मी मुलुंडहून तिच्याकडे राहायला जायचे. आतोबा शिंपी होते, अबोल आणि मृदू. मागच्या भिंतीतल्या खिडकीखाली त्यांचं शिवणयंत्र असे. दुपार कलली की खिडकीतून तिरपं ऊन यायचं, आणि त्या सोनेरी पट्ट्यात त्यांची कात्री कापडातून अशी सरकायची, जणू नदीच्या संथ पाण्यातून होडी. आत्या बोलायची आणि ते ऐकायचे. त्या दोघांच्या संसाराचा हाच ताल होता.

साल नेमकं आठवत नाही, चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा सुमार असेल. त्या खिडकीच्या भिंतीला पोट आलं. आधी गिलाव्यात केसाएवढी रेघ उमटली, मग ती रुंदावली, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस भिंत आतल्या बाजूला इतकी फुगली की आत्या येता-जाता तिच्यावर तळहात ठेवून बघायची, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. टेकू द्यायचा, सैल विटा बदलायच्या, वर नवा गिलावा चढवायचा, एवढंच काम होतं. गवंडी शेजारच्याच गल्लीतला, सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी आला असता.

पण चाळीच्या मालकाचा कारभारी दारात उभा राहून म्हणाला, "बाई, विटेला हात लावायचा नाही. पालिकेची परवानगी लागते. ती मालक काढतील, तोवर थांबा."

आत्या आमच्या घरी आली. माझे वडील कचेरीत कारकून. कायद्यातलं दादाला कळतं, ही तिची श्रद्धा. चहाचा कप खाली ठेवत बाबा म्हणाले, "कुसुम, रीतसर चालावं. आधी परवानगी, मग काम. उद्या येऊन पाडून टाकतील, मग बसशील रडत."

ती थांबली. जन्मात कुणासाठी न थांबलेली ती बाई मालकाच्या कचेरीबाहेरच्या बाकावर जाऊन बसायला लागली. घरी परतली की तिच्या बांगड्या कोपराशी असायच्या. कारभाऱ्याचं उत्तर ठरलेलं, "बघतो, सांगतो, पुढच्या आठवड्यात या." एक पावसाळा भिंतीने कसाबसा झेलला. दुसऱ्या पावसाळ्यात, श्रावणातल्या एका शांत सकाळी, पाऊस थांबून ऊन पडलेलं असताना, भिंत यंत्रावर कोसळली. आतोबा शिवत होते. जीव वाचला, पण उजव्या हाताची बोटं चिरडली, आणि तो हात पुन्हा कधी कात्री धरू शकला नाही.

पंचनाम्याला पालिकेचा माणूस आला. ढिगाऱ्याभोवती एक चक्कर मारून त्याने विचारलं, "एवढी फुगली होती, तर दुरुस्त का नाही केलीत?"

"परवानगी नव्हती," आत्या म्हणाली.

"ह्याला कशाला परवानगी?" तो सहज बोलून गेला. "आहे त्या जागी टेकू द्या, गिलावा करा, कौलं बदला, फरशी घाला. असल्या डागडुजीला आमची परवानगी लागतच नाही, बाई."

अपघातानंतर मी तिच्या सोबतीला येऊन राहिले होते, तेव्हा तिच्या शेजारीच उभी होते. तिचा चेहरा विझला नाही की पेटला नाही, तो थिजला. लागतच नाही, हे शब्द तिने ओठांतल्या ओठांत दोनदा उच्चारले. मग ती गवंड्याला बोलवायला गेली.

भिंत उभी राहत असताना कारभारी पुन्हा आला. "बाई, मालकांना विचारलंत का?" आत्या घमेल्यातला माल कालवत होती. सिमेंटने माखलेल्या हातांनी ती उठली, सरळ त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली, आणि रागात तिची गावची मालवणी बाहेर आली. "भिंतीन पडताना कोणाची परवानगी घेतलेली रे? बोल ना! तुका म्हायत होता ना, लागणा नाय ती?" सारी चाळ दारांत येऊन उभी राहिली. कुणी आत गेलं नाही. कारभारी मान खाली घालून टेकडी उतरला आणि त्या भिंतीविषयी पुन्हा बोलला नाही.

बाबा तिला भेटायला गेले. खाटेवर बसून म्हणाले, "मला खरंच माहीत नव्हतं गं."

"माहीत नव्हतं, तर बोललास कशाला, दादा?"

त्यानंतरही दर भाऊबीजेला ती यायची. निरांजनाच्या पिवळ्या उजेडात तिचा चेहरा सुंदर आणि कठोर दिसायचा. ओवाळायची, अक्षता टाकायची, फराळाला हात न लावता, बाबांशी न बोलता निघून जायची. तो अबोला बाबांच्या अखेरपर्यंत टिकला; मला तो कधी क्रूर वाटला नाही.

शिवणयंत्र नीट करून घेऊन ती स्वतः शिवायला बसली. आतोबा शेजारी बसून डाव्या हाताने कापडावर खडूच्या रेघा ओढायचे, वाकड्या, थरथरत्या, आणि ती त्या रेघांवरून निमूट कात्री चालवायची. चाळीतली एखादी नवी सून मोरीची फरशी बदलू का म्हणून विचारायला आली, की आत्या डाफरायची, "विचारतेस काय? कर!"

आता आत्या नाही, आतोबा नाहीत. त्या टेकडीवर कुणाची घरं आहेत, मला ठाऊक नाही. तिचा आवाजही हळूहळू पुसट होत चालला आहे. पण दोन पावसाळ्यांमधला तो काळ, एक धडधाकट बाई कुणाच्या तरी खोट्या शब्दाखातर बाकावर बसून राहिली तो काळ, माझ्या मनात जुना होत नाही. गेलेल्या माणसांसाठी रडता येतं, त्यांच्याकडून फुकट हिरावून घेतलेल्या दिवसांसाठी काय करायचं, हे मला आजवर उमगलेलं नाही.