दादांचं हसू

मित्रांनो, मी सलूनमधली एक जुनी फिरती खुर्ची आहे. कारखान्यात माझा लोखंडी पाय ओतला, वर लाल रेग्झीन चढवलं आणि मी दादांच्या दुकानात आले.

दादांचा हात इतका हलका, की केस कापता कापता गिऱ्हाइकाचा डोळा लागायचा. पुढे मात्र उलटंच होऊ लागलं. कंगवा केसांत आणि दादा झोपेत! रात्री झोपूनही दिवसा त्यांना पेंग यायची. हळूहळू गिऱ्हाइकं तुटली, मी रिकामी राहू लागले.

एका सकाळी शाळेतले मास्तर दाढीला बसले होते. शेजारच्या इस्त्रीवाल्यानं काहीतरी गंमत सांगितली. दादा खळखळून हसले आणि त्यांचे गुडघेच गळाले. वस्तरा मास्तरांच्या गालाला ओरखडा काढून खाली पडला, मागोमाग दादा.

"सकाळीच घेतलेली दिसतेय," बाकावरचा माणूस म्हणाला.

दादांना सगळं ऐकू येत होतं. ओठ मात्र हलत नव्हते. थोड्या वेळानं ते उठले, मास्तरांच्या गालाला तुरटी लावली आणि वस्तरा पेटीत ठेवून दिला.

त्या दिवसापासून दादांनी हसणं सोडलं. कुणी विनोद सुरू केला की ते पाठ फिरवायचे.

दादांच्या बायकोनं, वहिनींनी, एकदा दुकानातच विचारलं, "अहो, माझं काही चुकलं का? हसत का नाही?"

"हसलो की पायांतलं बळच जातं गं. वस्तरा गळ्यावर असता तर?"

वहिनींनी दुकान बंद केलं आणि त्यांना दवाखान्यात नेलं. डोक्याला वायरी लावून झोपेची तपासणी झाली. मग वहिनींनी मास्तरांना सांगितलं, "दारू नाही हो. मेंदूत खोलवर थोड्याशा पेशी असतात, त्या जागं ठेवणारं रसायन बनवतात. ह्यांच्या बहुतेक संपल्यात. स्वप्न पडताना अंग ढिलं पडतं ना, तसं ह्यांचं जागेपणी हसताना होतं."

"म्हणजे झोपेच्या दाराची कडीच ढिली," मास्तर म्हणाले. "बरं होईल?"

"पूर्ण नाही. गोळ्यांनी आटोक्यात राहील."

आता वस्तरा वहिनी चालवतात, कात्री दादा. दुपारी दादा माझ्यावरच डुलकी काढतात. आणि मास्तर आले की म्हणतात, "दादा, आधी बसा. आज नवीन विनोद आहे."

दादा बसतात, पोटभर हसतात. मान कलते, हात लोंबकळतात. वहिनी त्यांची हनुवटी तळहातावर धरून शांतपणे थांबतात. कुणी घाबरत नाही.

मित्रांनो, वर्गात कुणी पेंगलं तर आळशी म्हणण्याआधी त्याची विचारपूस करा. माझं रेग्झीन फाटलं तर ठिगळ लावता येतं. हसायला घाबरणाऱ्या माणसाला मात्र आधी बसायला जागा द्यावी लागते.