ओल्या पाटीला शून्य

परीक्षेच्या दिवशी आपल्या शाळांत काय काय चालतं ते आपण सगळेच पाहतो आणि गप बसतो. या गप बसण्याचीच चीड येते, म्हणून ही गोष्ट.

साल १९३४. कामठ्याहून दोन कोसांवर एक गाव, तिथं पाचवी ते सातवीची मिडल शाळा. गणिताला ताराचंद पटले मास्तर. हुशार माणूस! पावकी, अडीचकी तोंडपाठ. फळ्यावर त्रैराशिक मांडायला लागले की पाहत राहावं. पण हातात कायम छडी, आणि तोंडात एकच वाक्य, "रीत दाखव! रीत नाही तं गुण नाही!"

वर्गाबाहेर ओसरीत चार पोरं बसायची. महार मोहल्ल्यातली. आत यायची मनाई. दाराच्या चौकटीतून जेवढा दिसेल तेवढाच त्यांचा फळा. त्यांतली एक रुख्मा, तेरा वर्षांची, पाचवीत तिसऱ्यांदा बसलेली. भाषेत पास, भूगोलात पास, गणितात शून्य. दोन्ही साली शून्य!

परीक्षेच्या सकाळी तिचा बाप कवडू म्हणाला, "यंदा नापास झालीस का शाळा बंद. बिड्या वळाले बसजो."

"बाबा, मले हिशेब बरोबर येते जी."

"बरोबर येते, तं मास्तर शून्य कायले देते?"

रुख्माला कारण माहीत होतं. पण मास्तरांच्या विरुद्ध बोलायचं म्हणजे बापालाच गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. ती पाटी घेऊन निघाली.

मागल्या दोन सालांसारखे यंदाही परीक्षा पाहायला गावचे केशोराव कापगते आले होते. कोहळी, म्हणजे तळी बांधणाऱ्या जातीतला माणूस. चाळीस वर्षं तळ्याच्या पारी, म्हणजे मातीचे बांध, बांधण्यात गेलेली. मास्तरांनी त्यांना खुर्ची दिली आणि पोरांना हिशेब सांगितला, "बारा माणसं एक पार अठरा दिवसांत बांधतात. नऊ माणसांना किती दिवस लागतील? रीत मांडा!"

पाट्या खरडल्या गेल्या. आतल्या पोरांच्या पाट्या मास्तरांनी एकेक हातात घेऊन तपासल्या. मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, छोटेलालला पुरे दहा गुण मिळाले.

मग ओसरीची पाळी. ती कशी, ते ऐका. पोरानं पाटी उंबऱ्यावर ठेवायची अन् मागं सरकायचं. चपराशी चैतराम लोट्यातलं पाणी पाटीवर मारणार. पाटी शुद्ध झाली की मास्तर उचलणार. आणि पाटीवर लिहिलेलं? लेखणीचे आकडे पाण्यात कुठं टिकतात! मास्तरांच्या हातात यायची ती ओली, पुसट, अर्धी कोरी पाटी. मास्तर म्हणायचे, "रीत कुठाय? कोणाचं तरी ऐकून उत्तर मारलं. शून्य!"

दर साली हेच! शिकलेला माणूस, रोज आकडे पाहणारा, पण पाण्यानं आकडा पुसतो एवढं त्याला दिसू नये? दिसत होतं. पाहायचं नव्हतं!

तीन पोरांना शून्य मिळालं. रुख्माची पाळी आली. तिनं पाटी छातीशी धरली.

"ठेव खाली," चैतराम म्हणाला.

"नाही ठेवत."

"काऊन?"

"पाणी टाकता तुमी! माहा हिशेब वाहून जाते!"

मास्तर लाल झाले. "उलटून बोलतेस? दोन साल नापास झालीस तरी मस्ती गेली नाही! पाटी ठेव, नाही तं चालती हो!"

"चालती व्हतच आहो गुरुजी. पण हिशेब पाहा, मग हाकला."

छडी वर गेली. तेवढ्यात केशोराव खुर्चीवरून उठले. चैतरामच्या हातातला लोटा घेतला, सरळ आत गेले, आणि छोटेलालच्या पाटीवर सगळं पाणी ओतलं.

"केशोराव आजा! माहा हिशेब!" छोटेलाल किंचाळला.

केशोरावांनी ती गळती पाटी मास्तरांपुढं धरली. "द्या आता याले गुण!"

"केशोरावजी, हे काय करून राहिले तुमी? मी याची रीत पाहिली होती!"

"पाहिली होती ना? वाळली होती तवा पाहिली! मंग हिची काऊन नाही पाहिली?"

"रिवाज आहे जी..."

"रिवाज! मास्तर, पार कुठं गळते ते मले पारीवर पाय ठेवल्याबिगर समजत नाही. दूर उभा राहून मी म्हणलो का पार फुटकी आहे, तं लोक मले कामावर ठेवतील का? तुमी लेकराच्या पाटीले हात लावत नाही, अन् म्हणता याले रीत येत नाही! कायचे मास्तर तुमी?" म्हाताऱ्यानं खुर्चीकडं बोट केलं. "अन् मी तरी का भला? दोन साल याच खुर्चीवर बसून पाहत होतो. मलेच माही शरम वाटून राहिली."

चैतराम पुटपुटला, "मी तं सांगतेत तेवढंच पाणी मारतो जी."



मास्तरांनी छडी टेबलावर ठेवली. उंबरा ओलांडून ते ओसरीत आले. रुख्मा मागं सरकली. सवयच ती! मास्तर तिथंच जमिनीवर बसले आणि हात पुढं केला. "दे, पोरी. वाळलेलीच दे."

बारा गुणिले अठरा, दोनशे सोळा. भागिले नऊ, चोवीस दिवस. एकेक पायरी एकाखाली एक नीट मांडलेली. मास्तरांनी एकेक आकडा तपासला. मग आपल्या हातानं त्यांनी पाटीवर लिहिलं: दहा.

रुख्मा हसली नाही. तिनं विचारलं, "गुरुजी, मंग मागच्या दोन्ही साली बी बरोबरच असन ना?"

मास्तरांची मान खाली गेली. "असन, पोरी. चुकी माही होती."

"मंग ते दोन साल?"

कोणत्याच रीतीनं ते साल परत येत नव्हते! मास्तरांनी बाकीच्या तिघांना नवा हिशेब घातला, त्यांच्याजवळ बसून पाट्या पाहिल्या. दोघांना रीत येत होती. तिसरा भागाकारात चुकत होता. कुठं चुकतो हे मास्तरांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि त्यांनी त्याला तिथंच शिकवलं. दुसऱ्या दिवशी चौघंही वर्गात, फळ्यासमोर बसली. मालगुजारानं छोटेलालला महिनाभर शाळेत पाठवलं नाही. मास्तरांनी वर्ग चालूच ठेवला.

बंधूंनो, भगिनींनो, पोरांना रीत येत नाही असं म्हणण्याआधी त्यांची पाटी हातात घ्या. जो मास्तर पोराला शिवत नाही, त्याला त्या पोराला नापास करायचा हक्क नाही. आणि जे गाव खुर्चीवर बसून हे पाहतं, त्या गावालाही शून्यच!