काचेमागची मोजणी

नव्याचे नऊ दिवस, हे मोठ्या बाई इतक्यांदा म्हणाल्या होत्या की झाडणाऱ्या मावशीही बोटं मोजू लागल्या. पण नवीचे नऊ दिवस काही संपेनात. वागण्याच्या अडचणी असलेल्या मुलांसाठी हे केंद्र उभं केलं बाईंनी, आणि काल-परवा शिकवायला आलेली ही पोरगी सगळ्यांची लाडकी होऊन बसली. बाईंच्या पोटात दुखत होतं, आणि ते त्यांना कळतही होतं.

सगळं दुखणं केंद्रातल्या चिमणी नावाच्या मुलीवरून. चिमणी बोलत नसे. काम नकोसं झालं की स्वतःच्याच मनगटाला कडकडून चावे. इतकी वर्षं बाई समोर बसून तिचे दोन्ही हात मेजावर घट्ट धरत. "बाईंशिवाय हिला कुणी आवरू शकत नाही," असं चिमणीची आई चारचौघांत सांगे, आणि बाईंना ते ऐकायला फार आवडे.

नवीनं आल्या आल्या विचारलं, "बाई, ती चावते कशासाठी ते आधी बघूया ना? हात धरणं अगदी शेवटी." मग तिनं चिमणीला एक चित्राचं कार्ड शिकवलं. ते पुढे केलं की काम थांबायचं, जरा विश्रांती मिळायची. आता आईच्या तोंडी उठता बसता नवी.

आज निकाल होता. आईनं कार्डाला आजपर्यंतचीच संमती दिली होती; चावे कमी झाले नसतील तर पुन्हा हात धरायचे. दर चाव्याला एक रेघ ओढून शिकवणाऱ्यानं एक तक्ता भरायचा आणि दुसऱ्यानं काचेमागून वेगळा, हा नियम बाईंचाच. दात कातडीला टेकले तरच चावा म्हणायचं, हेही त्यांनीच लिहिलेलं.

काचेपलीकडे चिमणीनं मनगट तोंडाजवळ नेलं, थबकली, आणि कार्ड उचललं. बाईंनी रेघ ओढली. चिमणीनं ओठ पुसले. आणखी एक रेघ. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात. पण त्याला निदान ते खरंच दिसतं. बाईंना दात दिसले नव्हते.

दोन तक्ते शेजारी ठेवले तेव्हा नवीच्या कागदावर जेमतेम एखादी रेघ होती आणि बाईंच्या कागदावर रांग. नवीचा चेहरा उतरला. "माझंच लक्ष नसेल," ती आईला म्हणाली. "बाईंची नजर चुकायची नाही."

"मग पुन्हा हात धरायचे?" आईनं विचारलं.

"तिच्या भल्याचं तेच करायचं," बाई म्हणाल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. दोघी मागोमाग आल्या.

बाईंना पाहताच चिमणी उठली आणि जुन्या खुर्चीवर जाऊन बसली. बाईंना भरून आलं. पोर विसरली नव्हती तर. मग चिमणीनं कार्ड बाजूला सारलं, दोन्ही हात मेजावर ठेवले, तोंड भिंतीकडे फिरवलं आणि वाट बघत राहिली.

मनगटावरच्या जुन्या जखमांवर खपल्या धरल्या होत्या. ताजी जखम एकही नव्हती. बाई बघतच राहिल्या. हात धरायला त्यांचा हात पुढे होईना.

"पेन दे," त्या नवीला म्हणाल्या.

केंद्रात खोडाखोड चालत नसे. चुकीवर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी सही आणि कारण. बाईंनी हातातल्या आपल्या तक्त्यावरच्या रांगेवर रेघ मारली, सही केली. 'नजरचूक' लिहिलं असतं तर कुणाला शंकाही आली नसती. नवी खांद्याशी उभी होती, आणि तिच्याबद्दलचा जळफळाट तसूभरही कमी झाला नव्हता.

'हात तोंडाजवळ नेला, चावली नाही,' बाईंनी लिहिलं. 'ठाऊक असून मोजलं.'

कागद त्यांनी आईच्या हाती दिला, आणि बाजूला सारलेलं कार्ड उचलून चिमणीच्या हाताशी ठेवलं.