वरच्या मजल्याचं पाणी

"खायला बक्कळ लागतं आणि काम काडीचं करत नाही," अशी तक्रार फोनवर आली, तेव्हा फिल्टरताईला आधी वाटलं, बाई नवऱ्याबद्दल बोलतायत. मग खुलासा झाला की खायला लागतं ते मीठ, आणि खाणारं पाण्याचं मशीन.

घरोघरची पाण्याची यंत्रं तपासणं, धुणं, दुरुस्त करणं हा तिचा धंदा. खरं नाव फक्त आईच्या तोंडी उरलं होतं, बाकी सगळ्यांना ती फिल्टरताई. स्कूटरच्या डिकीत पाने, वॉशर, नळ्या यांचा गोतावळा असायचा, आणि सगळ्यांच्या वर, कापडात गुंडाळलेली, पाणी तपासायची छोटी पेटी. पेटीतल्या औषधाचे थेंब पाण्यात टाकले की जड, क्षाराचं पाणी लाल व्हायचं आणि हलकं पाणी निळं. इतकी वर्षं झाली तरी हा खेळ पाहताना ती थोडी वाकायचीच.

घर दोन मजली होतं. खाली वहिनी आणि दादा, वर दादांची धाकटी बहीण. वहिनी तिला वन्सं म्हणत आणि वन्सं वहिनींना वहिनी, आणि या दोन शब्दांत जेवढी धार भरता येईल तेवढी दोघींनी भरून ठेवली होती.

वहिनींनी आयुष्य दातांच्या दवाखान्यात काढलं होतं, स्वागताच्या टेबलामागे. पांढऱ्या डागाशी त्यांचं जुनं वैर. म्हणूनच हौसेनं त्यांनी जिन्याखालच्या खोलीत सॉफ्टनर बसवून घेतला होता. पाण्यातले क्षार काढून ते हलकं करणारं मशीन. त्याच्या पोटात रेझिनचे बारीक मणी, शेजारी मिठाची टाकी. मणी क्षार धरून धरून दमले की मिठाच्या पाण्यानं धुऊन निघतात आणि पुन्हा कामाला लागतात. त्या टाकीत वहिनी इमानेइतबारे मिठाची पोती रिकामी करत होत्या. आणि तरीही ग्लासांवर डाग, किटलीत थर, नळाच्या तोंडाला पांढरी मिशी.

पहिल्या खेपेला फिल्टरताई घाईत होती. तिनं स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी घेतलं, थेंब टाकले, पाणी डाळिंबासारखं लाल झालं.

"मणी मेले, काकू," ती म्हणाली. "बदलावे लागतील."

जिन्याखाली मांडी घालून तिनं मशीन उघडलं, जुने मणी उपसले, नवे भरले. दादा शेजारी टॉर्च धरून उभे होते. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांची नोकरी गेली होती, आणि लोकांच्या चुका पेन्सिलीनं, आवाज न करता दाखवायची सवय अंगात मुरली होती. पण त्या दिवशी ते काही म्हणजे काही बोलले नाहीत. टॉर्च मात्र अगदी स्थिर धरला.

आठवडाभरानं वहिनींचा फोन आला. आवाज थंड होता.

"नव्या मण्यांचं बारसं करायचं राहिलं का? कारण काम तर ते अजून करत नाहीयेत."

फिल्टरताई पोचली तेव्हा जेवणाच्या टेबलावर ग्लास ओळीनं मांडले होते, सगळे आरोपी, सगळ्यांच्या अंगावर डाग. ती कानकोंडी झाली. या वेळी तिनं जे पहिल्यांदाच करायला हवं होतं ते केलं. मशीनमधून बाहेर पडणारं पाणी तिथल्या तिथे, जिन्याखालीच काढून घेतलं. थेंब टाकला. निळंशार.

स्वयंपाकघरात गेली. थेंब टाकला. लाल.

"आता हे काय," ती स्वतःशी म्हणाली. मशीनमधून पाणी हलकं निघतंय आणि दहा पावलांवरच्या नळाला जड होऊन पोचतंय.

"पाइप जुने झाले असतील," दादा मागून म्हणाले. "किंवा हवामान."

"हवामानानं पाणी जड होत नाही, काका."

"मी आपलं सुचवलं."

तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला. "ती मशीनवाली आली आहे का? तिला वर पाठव, दादा. चहा दाखवते तिला."

चहा पाजते नाही, दाखवते. वहिनींनी डोळे मिटून घेतले. हा प्रयोग घरात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यावर होऊन गेला होता.

वन्सं पोहण्याच्या तलावावर शिकवायच्या. शहरातली निम्मी पोरं त्यांच्या शिटीवर हातपाय मारायला शिकली होती. खांदे अजून रुंद, आवाज अजून तलावाच्या त्या टोकाला पोचेल असा. त्यांनी दोन कप पुढे ठेवले.

"हा खालचा. मुद्दाम मागवून घेतलाय. बघ त्याच्यावर कसा तवंग आलाय. आणि हा माझा, वरच्या नळाचा. आरसा आहे आरसा. मशीन नाही, मीठ नाही, थेरं नाहीत. माझं आयुष्य पाण्यात गेलंय, मला हात बुडवला की कळतं पाणी कसं आहे ते. वहिनींना सांगून दमले. मिठाचं पाणी मी तोंडात घेणार नाही म्हणजे नाही."

फिल्टरताईनं चहा घेतला. खरंच आरसा होता. मग तिची नजर बेसिनवर गेली. नळ असा लखलखत होता की त्यात तिला स्वतःचं नाक दिसलं. तिनं पेटी उघडली, कपभर पाणी घेतलं आणि थेंब सोडला.

पाणी क्षणात निळं झालं.

"काय म्हणतंय?" वन्संनी विचारलं.

"छान आहे," फिल्टरताई म्हणाली. "फारच छान आहे. मी जरा खाली जाऊन येते, मावशी."

खाली येऊन तिनं मीटरपासून पाइपवर हात ठेवला आणि आंधळ्या माणसासारखी चाचपत निघाली. दादा तिच्या मागोमाग. पाइप भिंतीतून जिन्याखाली वळायच्या आधीच त्याला एक फाटा फुटला होता, आणि तो चपलांच्या कपाटामागे गडप होत होता.

"त्याच्यामागे काही नाही," दादा म्हणाले.

"मी अजून विचारलंच नाही, काका."

कपाट दोघांनी मिळून सरकवलं. दादांना दुसरा इलाज नव्हता. मागे दोन पितळी कॉक होते, शेजारी शेजारी. एक उघडा, एक बंद. उघड्यातून मीटरकडचं पाणी, मशीनला न शिवता, जसंच्या तसं खालच्या मजल्याला. आणि मशीनमधलं हलकं पाणी बंद कॉकपाशी अडून, दुसरी वाटच नाही म्हणून, सगळंच्या सगळं वर.

फिल्टरताई पायरीवर बसली. "मी पोतंभर मणी बदलले," ती हळूच म्हणाली, "आणि तुम्ही टॉर्च धरून उभे होतात."

"टॉर्च तरी नीट धरला," दादा म्हणाले. मग त्यांचा चेहरा पडला आणि ते तिच्या शेजारी टेकले.

"बहीण वर राहायला आली ना, तेव्हा तिची कातडी सोलून निघायची," त्यांनी सांगितलं. "तलावाच्या औषधानं. रात्रंदिवस खाजवायची. केस पुंजक्यानं जायचे. डॉक्टर म्हणाले, अंघोळीला तरी हलकं पाणी द्या. मी तिला म्हटलं, खाली मशीन आहे. तर म्हणाली, वहिनींच्या मिठाचं पाणी मी अंगावरसुद्धा घेणार नाही. तेव्हा दोघींचं बोलणं बंद होतं, कशावरून ते आता दोघींनाही आठवत नाही. मशीन लहान. दोन्ही मजल्यांना सोडलं तर मधेच दम टाकायचं. मग एक दिवस दोघी बाहेर गेल्या होत्या, तेव्हा मी हे कॉक फिरवले. म्हटलं, महिनाभर. ती बरी झाली की परत फिरवीन."

"मग?"

"ती बरी झाली. आणि म्हणायला लागली, बघा, साध्या पाण्याची करामत. आता कसं फिरवणार?"

"काकूंना माहिती आहे?"

"कुणालाच नाही. तुम्ही नुसतं म्हणा ना, मशीन जुनं झालंय."

"आता माहिती आहे," मागून वहिनी म्हणाल्या.

त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. किती वेळ, कुणास ठाऊक. दादा उठायला गेले आणि चपलांच्या कपाटावर आपटले. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग त्या जिन्याच्या तोंडाशी गेल्या.

"वन्सं, जरा खाली येता का?"

वन्सं आल्या, ऐकलं, आणि हसल्या. "काहीतरीच. माझं पाणी मला कळत नाही?"

अशा वेळी थेंबांचा उपयोग नसतो, हे फिल्टरताईला ठाऊक होतं. रंगाशी माणूस वाद घालू शकतो. तिनं दोन रिकाम्या बाटल्या मागितल्या. एकीत वरचं पाणी, एकीत खालचं. दोन्हींत साबणाचा सारखा कीस टाकला आणि बाटल्या दोघींच्या हातात दिल्या, वरची वन्संकडे, खालची वहिनींकडे.

"हलवा," ती म्हणाली.

दोघी समोरासमोर उभ्या राहून बाटल्या हलवू लागल्या. सुरुवातीला मान राखून, मग ईर्ष्येनं. वन्संचे खांदे अजून पोहणारे होते, पण वहिनींच्या मनगटात वर्षांचा राग होता. दादा भिंतीला पाठ लावून बघत राहिले. थांबल्या तेव्हा वन्संची बाटली बुचापर्यंत फेसानं भरून गेली होती. वहिनींच्या बाटलीत गढूळ पाण्यावर पांढुरकी साय तरंगत होती.

"जिथे मशीन पोचतं, तिथे फेस," फिल्टरताई म्हणाली. "एवढंच."

वन्संनी बाटली खाली ठेवली. हात नकळत केसांकडे गेला.

"म्हणजे हे माझे केस," त्या सावकाश म्हणाल्या, "मिठाचे?"

वहिनींना हसू आवरेना. त्यांना हसायचं नव्हतं. त्यांना चांगलं कडकडून भांडायचं होतं, तयारीही झाली होती, पण ते हसू आधी आलं. मग वन्संनाही आलं. दादांनी धीर करून ओठ हलवले, तशा दोघी एकदम त्यांच्याकडे वळल्या.

"मी पोती उचलून आणत होते," वहिनी म्हणाल्या, "आणि तू समोर बसून पेपर वाचत होतास. तुझ्या बहिणीचे बोल ऐकत होतास, माझे ऐकत होतास, आणि पान उलटत होतास."

"मला सांगायचं होतंस, दादा," वन्सं म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर तू अंघोळच केली नसतीस."

ते खरं होतं, हे वन्संनाही ठाऊक होतं. त्या जिन्याखालच्या खोलीत वाकल्या. कोपऱ्यात मिठाचं न फोडलेलं पोतं होतं. त्यांनी ते एका हातानं उचलून पाहिलं आणि पुन्हा ठेवलं.

"हे तुम्ही आणता, वहिनी? एकट्या? माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी कशाला. मला कुठे माहीत होतं."

"तेच म्हणते मी." वन्संचा आवाज पहिल्यांदाच तलावाच्या या टोकालाच थांबला. "इथून पुढे मी आणीन."

फिल्टरताईचं काम अजून व्हायचं होतं. तिनं मशीनचं घड्याळ लावलं. आधी ते आठवड्यातून एकदाच मणी धूत होतं, आता जास्त वेळा धुणार, म्हणजे दोन्ही मजल्यांना पुरणार. कपाटामागचा बंद कॉक उघडला, उघडा बंद केला. मग खालच्या स्वयंपाकघराच्या नळाला पाणी यायची वाट पाहून थेंब टाकला. निळं.

वहिनींनी लगेच चहा टाकला. इतक्या वर्षांच्या हक्काचा चहा. तवंग नाही, डाग नाही. त्यांनी घोट घेतला, थांबल्या, पुन्हा घेतला.

"रंग आहे," त्या म्हणाल्या. "पण हा चहा माझा नाही."

"काय झालं?" वन्संनी विचारलं.

"मिळमिळीत लागतोय. तवंगाचाच बरा होता."

फिल्टरताईनं कपाळावर हात मारून घेतला नाही, पण मारावासा वाटला. "तसंही प्यायचं पाणी सॉफ्टनरमधून नको, काकू," ती म्हणाली. "मीठ थोडं का होईना, त्यात उतरतं. पिण्यासाठी एक छोटा नळ मशीनच्या आधीच काढून देते, त्याला कोळशाचा फिल्टर लावते. बाकी सगळीकडे हलकं."

"आणि वर?" वन्सं म्हणाल्या.

"वर पाइप नेण्यात अर्थ नाही. तुम्ही पाण्याचा जग भरून न्या खालून."

हा नळ बसवायला ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली. ओट्याखाली आडवी होऊन शेवटचा नट आवळत होती, तेव्हा वन्सं जग घेऊन उभ्याच होत्या. जग भरला, तरी हलल्या नाहीत. वहिनींनी खुर्ची पायानं पुढे सरकवली. वन्सं बसल्या आणि चहा किती उकळावा यावरून दोघींचं सुरू झालं, अगदी मन लावून.

दादा मात्र न्हाणीघरात होते, आणि फार वेळ होते. बऱ्याच वेळानं दार किलकिलं झालं.

"अहो फिल्टरताई," आतून आवाज आला, "हा साबण अंगावरून जातच नाहीये. किती पाणी ओतलं. अजून बुळबुळीतच लागतंय."

"हलकं पाणी असंच लागतं, काका. साबण केव्हाच गेलाय. या बाहेर."

"नक्की?"

"घास अजून," स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या. "मागचं बरंच राहिलंय."

वन्संनी चहाचा कप तोंडाशी धरून मान डोलावली. थोड्या वेळानं न्हाणीघरात पुन्हा पाण्याचा आवाज सुरू झाला. फिल्टरताईनं आपले पाने गोळा केले, पेटी कापडात गुंडाळली आणि, वहिनींनी पुढे केलेला कप घेऊन, तिसऱ्या खुर्चीवर बसली.