बहीण अंगानं भरली

बासिलिया तुयुबच्या घरात बाईमाणसानं हिपिलच, म्हणजे डोक्यातून घालायचा सैल झगाच, घालायचा, असा नियम होता. नियम तिच्या आईचा, पण आईपेक्षा लेकीनंच तो कडक पाळला. एकाहत्तर वर्षांची ही बाई उंचीला जेमतेम साडेचार फूट. बाजारात लिंबांच्या टोपलीमागे बसली की नुसता अंबाडा दिसायचा. पण पांढरा सैल हिपिल, गळ्याला आणि घेराला लाल-जांभळी फुलं भरलेली, खाली परकराची बोटभर लेस, असा थाट करून ती चर्चला निघाली की चांगली दांडगी माणसं वाट सोडून उभी राहत. एप्रिलमध्ये गावातली कुत्रीसुद्धा सावली सोडत नसत, तेव्हा बासिलियाच्या अंगाला वारा लागायचा. सैल कापड आहे, आत हवा खेळते, घाम आला तरी कापड अंगाला चिकटत नाही, असं ती ज्याला त्याला ऐकवायची. ज्या बायका फ्रॉक घालून घामाघूम व्हायच्या त्यांची तिला कीव येत नव्हती. त्यांना ती फ्रॉकवाल्या म्हणायची, आणि तिच्या तोंडी ती शिवीच होती.

सगळ्यात मोठी फ्रॉकवाली तिची सख्खी धाकटी बहीण होती.

उबाल्दा सतराव्या वर्षी मेरिदा शहरात एका घरी कामाला गेली. मालकिणीनं पहिल्याच दिवशी तिचा हिपिल उतरवला आणि फ्रॉक दिला. वर्षानं जत्रेला ती तोच घालून गावी आली तेव्हा एकवीस वर्षांच्या बासिलियानं अंगणभर माणसांसमोर तिला फाटकात अडवलं. आत यायचं तर हे काढून ये, म्हणाली. उबाल्दा आली तशी परत फिरली. पुढे तिचं लग्न झालं, मुलगा झाला, नवरा गेला. आईच्या मातीला ती आली ती निळा फ्रॉक घालून, आणि सबंध वेळ फाटकाबाहेर उभी राहिली. बासिलियानंही तिला आत ये म्हटलं नाही. मनातून तिला बहीण हवी होती. पन्नास वर्षं रोज हवी होती. पण तोंडातून शब्द काढायचा म्हटलं की तिचा जबडा आवळायचा.

म्हणून गेल्या एप्रिलमध्ये उबाल्दा पिशवी घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, शहरात फार उकडतं गं. मला तुझ्यासारखं सैल काहीतरी शिवून दे," तेव्हा बासिलियाला आकाश ठेंगणं झालं. तिनं तिथल्या तिथे आपला धुतलेला हिपिल आणून दिला. दोघी एकाच चणीच्या, त्यामुळे तो बरोबर बसला. उबाल्दानं तो फ्रॉकवरूनच डोक्यातून घातला आणि आतल्या आत फ्रॉक खाली सोडला. तिथल्या बायका असंच कपडे बदलतात, उघडं अंग कुणाला दिसत नाही. पन्नास वर्षांत बहीण एवढं विसरली नव्हती, हे पाहून बासिलियाच्या डोळ्यांत पाणी आलं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. बासिलियानंच केलं. शेवटी आली की नाही माझ्या वळणावर, असं ती मक्याच्या गिरणीत रांगेत उभी राहून सांगत होती.

उबाल्दा राहिली. दोघींचे निजायचे जाळीचे झोके शेजारी शेजारी टांगले गेले. बासिलिया पहाटे उठून मका दळून आणायची, चुलीपाशी बुटक्या स्टुलावर बसून तोर्तिया, मक्याच्या पातळ भाकऱ्या, थापायची, घेवडा शिजवायची, रविवारी कोंबडी कापायची, आणि बहीण खाते का ते बघत समोर बसायची. उबाल्दा थोडं खायची, उरलेलं हळूच कोंबड्यांना टाकायची. तरी ऑगस्टात ती म्हणाली, "ताई, पुढचा जरा रुंद शिव." बासिलिया फुलून गेली. हिपिलाला माप लागत नाही. कापड दुमडायचं, चौकोनी गळा कापायचा, बाजू शिवायच्या, झालं. तिनं वीतभर कापड वाढवलं. नोव्हेंबरात पुन्हा वीतभर वाढवलं. गिरणीत तिच्या तोंडी एकच विषय होता, माझ्या हातचं खाऊन बहीण अंगानं भरली.

शेजारीण क्रिसान्ता बोलायला फटकळ, पण डोळ्यानं धड होती. ती एकदा म्हणाली, "अंगानं भरली म्हणतेस, मग गाल का बसले गं?"

"दात पडलेत म्हणून."

"आणि मनगटं? मनगटात काही दात नसतात. पोट बघ तिचं एकदा. हात लावून बघ."

बासिलियाला हे झोंबलं. तुझी बहीण कानकूनला हॉटेलात भांडी घासते, वर्षात एकदा तोंड दाखवत नाही, म्हणून माझं बघवत नाही तुला, असं ती भर रांगेत बोलली. क्रिसान्तानं पिठाची बादली उचलली आणि पुन्हा त्या वाटेला गेली नाही. खरं सांगायचं तर बासिलियालाही दिसत होतं. उबाल्दा झोक्यातून उठताना दोरी धरून थांबायची. न्हाणीत फार वेळ लावायची. उकाड्यातही शाल पोटावरून घेऊन बसायची. हे सगळं दिसत होतं आणि बासिलिया त्यावर आपला आनंद पांघरत होती. विचारलं आणि उत्तर भलतंच आलं तर बहीण पुन्हा जाईल, एवढंच तिच्या मनात यायचं.

मार्चमध्ये जत्रा होती. बायकांचं मंडळ रेशमी निशाण घेऊन चर्चला जायचं, पुढे बँड, वर फटाके. त्या दिवसाचा हिपिल साधा नसतो, तीन थरांचा असतो, तिन्ही थर भरलेले. बासिलियानं चार महिने मान मोडून बहिणीसाठी तो भरला. गळ्यावर गुलाब, घेरावर गुलाब, परकरावरही गुलाब. उबाल्दा नको म्हणत होती, एवढं जड मला पेलायचं नाही म्हणत होती. बासिलियानं ऐकलं नाही. ज्या फाटकात तिला अडवलं होतं त्याच फाटकातून सगळ्या गावासमोर तिला गुलाबांनी मढवून बाहेर काढायचं होतं. एका अर्थी ती माफीच मागत होती, पण माफी मागायची ही तिची पद्धत बहिणीच्या अंगावर चार किलो कापड घालायची होती.

उबाल्दा चालली. दहा वाजताचं ऊन, धूळ, तुताऱ्या. बासिलिया शेजारून ताठ मानेनं चालत होती आणि लोकांकडे बघत होती, बहिणीकडे नाही. चौकात आल्यावर बाजूची जागा रिकामी झाली. उबाल्दा रस्त्यात खाली बसली होती. पाय पुढे पसरून, लहान मुलगी बसावी तशी. मग ती कलंडली.

कुणाच्या तरी ट्रकमधून तिला जवळच्या एका लहान शहरातल्या दवाखान्यात नेलं. तिथे नर्सनं कात्री घेतली आणि गळ्यापासून खालपर्यंत तिन्ही थर सरळ कापले. बासिलियाच्या तोंडून "अगं अगं, गुलाब" असं निघून गेलं. नर्सनं वळून पाहिलंसुद्धा नाही. त्या क्षणी तिला हळहळ वाटली ती भरतकामाची. हे ती स्वतःला नंतर कधीच माफ करू शकली नाही.

कापड बाजूला झालं आणि तिनं बहीण पाहिली. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, हातांच्या काटक्या, आणि त्यावर ताणून बसलेलं, निळ्या शिरांचं पोट. दिवस भरलेल्या बाईचं असतं तेवढं. अडुसष्ट वर्षांच्या बाईचं.

डॉक्टर तरुण होता, दमलेला होता. पोटात पाणी आहे, गाठ आहे, ती सगळीकडे पसरली आहे, असं त्यानं सांगितलं. वर्षापूर्वी आणलं असतं तर कापून काढता आली असती कदाचित. मग त्यानं विचारलं, यांच्याबरोबर घरात कोण राहतं?

"मी."

"तुम्हाला काही दिसलं नाही?"

बासिलिया म्हणाली, मला वाटलं जाड होतेय. डॉक्टरनं काही लिहिलं आणि तो पुढच्या खाटेकडे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उबाल्दा शुद्धीवर आली. तिला दवाखान्याचा हिरवा अंगरखा घातला होता, मागून उघडा, बंदांचा. बासिलियानं खाटेशी उभं राहूनच विचारलं, बसली असती तर कठडाच समोर आला असता. "तुला माहीत होतं?"

उबाल्दा म्हणाली, माहीत होतं. फ्रॉकची बटणं लागेनाशी झाली तेव्हाच कळलं. सून रोज पोटाकडे बघायला लागली होती. रेमिहियोला, म्हणजे तिच्या मुलाला, कळलं असतं तर त्यानं उचलून दवाखान्यात टाकलं असतं. त्याच्या बापाला टाकलं होतं तसंच. तो चौदा महिने नळ्या लावून पडला होता, आणि शेवटी बायकोला ओळखत नव्हता. मला ते नको होतं, म्हणाली.

"म्हणून माझ्याकडे आलीस."

"हो."

"हिपिल घालायला."

"हिपिलात काही दिसत नाही, ताई. कुणी बघतही नाही. म्हातारी सैल कपड्यात फिरतेय, एवढंच." तिनं ओठ ओले केले. "लपायला आले होते."

बासिलियानं कठडा धरला. तिला पुढचं विचारायचं नव्हतं, पण विचारल्याशिवाय राहवेना. "माझ्यासाठी नाही आलीस?"

खोटं बोलायचं तर सोपं होतं, आणि बासिलियानं त्या घटकेला ते खोटं दोन्ही हातांनी घेतलं असतं.

"नाही," उबाल्दा म्हणाली. "पण तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. दोनदा तोंडावर आलं होतं. तू इतकी खूश होतीस, ताई. माझ्याच्यानं होईना."

बासिलियानं तिच्या पायांवर चादर ओढली. चौथ्या दिवशी दुपारी उबाल्दा गेली, फार त्रास न होता, असं नर्स म्हणाली. नर्सना तसं म्हणावं लागतं.

मेरिदा लांब होतं, उन्हाळा होता, म्हणून देह बासिलियाच्याच घरी आणला. झोके सोडून तिला टेबलावर ठेवलं. रेमिहियो आला, रडून रडून डोळे सुजलेले. वाटेत त्यानं मावशीला दोष द्यायचे शब्द जुळवले असतील, पण दारात ही एवढीशी बाई भिंतीला टेकून उभी पाहून त्यानं ते सोडून दिले. तोच म्हणाला, मावशी, आईला हिपिल घाला. तुमच्याकडे सुखात होती म्हणून फोनवर सांगायची.

क्रिसान्तानं तोवर पेटीतून कोरा हिपिल काढून इस्त्रीही केली होती. झालं गेलं विसरून ती पहिली धावून आली होती. गावाच्या मते प्रश्नच नव्हता. बासिलियानं बहीण परत मिळवली होती, आता ती बासिलियासारखीच जायची.

"तिचा फ्रॉक कुठाय?" बासिलियानं विचारलं.

तो पिशवीतच होता, निळा, छातीपासून कमरेपर्यंत बटणांचा. रेमिहियोनं काढून दिला. बायकांनी तिला घालून पाहिला, तर बटणं चार बोटं लांब राहिली. बघ, क्रिसान्ता म्हणाली, लागत नाही, उगाच हट्ट नको, हिपिल आण इकडे. अगं, पन्नास वर्षं तुला हेच हवं होतं ना?

"हिपिलात ती लपून होती," बासिलिया म्हणाली. "आता कुणापासून लपायचंय?"

तिनं कात्री घेतली आणि फ्रॉकच्या दोन्ही बाजू काखेपासून खाली उसवल्या. फ्रॉक शिवायची अक्कल तिला नव्हती, कधी हात लावला नव्हता. कापडाच्या दोन लांब पट्ट्या कापून ती त्या फटींत बसवत होती, टाके वाकडे पडत होते, उसवून पुन्हा घालत होती. टेबल उंच होतं, म्हणून विटेवर उभी राहून शिवत होती. बायका बाहेर अंगणात जाऊन बसल्या. उजवी बाजू झाली. डाव्या बाजूला सुई आत टोचू नये म्हणून कापडाखाली हात घालावा लागला, आणि तिचा तळवा उबाल्दाच्या पोटावर आला. ते घट्ट होतं, आणि गार. अकरा महिने हे शेजारच्या झोक्यात होतं, हात लांब केला असता तर पोचला असता.

बासिलियानं हात तिथेच ठेवला आणि शिवत राहिली.