खिंड मोकळी आहे

“वहिनी, खिंड मोकळी?” वायरलेसवर चष्म्याचा आवाज आला. धावपट्टीवरच्या त्या सर्वांत तरुण पायलटला सगळे चष्माच म्हणत.

“मोकळी आहे. ये.”

खिंड अरुंद, एका वेळी एकाच विमानाची. आत जाताना ‘शिरतो’ म्हणायचं, पार झाल्यावर ‘बाहेर आलो’. तोवर दुसऱ्याने थांबायचं. वहिनींचे यजमानही पायलट; त्यांनी एकदा ‘शिरतो’ म्हटलं, ते शेवटचं. विमान सापडलंच नाही. पुढे वहिनी वायरलेसच्या या खुर्चीवर बसल्या. रोज ‘मोकळी’ म्हणण्याआधी त्या मनात देवाचं नाव घेत.

“चेष्टा करताय का वहिनी? आत कोणीतरी आहे. आत्ताच ‘शिरतो’ म्हणाला.”

वहिनींना काहीच ऐकू आलं नव्हतं. शेजारी चहा पीत बसलेल्या मेकॅनिकने पलीकडच्या धावपट्टीला फोन लावला.

“ह्याच्याशिवाय तिकडून चिमणीसुद्धा उडालेली नाही,” तो म्हणाला. “इकडून तर कोणीच नाही. पोराला डुलकी लागली असेल.”

“अजून काय म्हणाला रे तो?” वहिनींनी चष्म्याला विचारलं.

“म्हणाला, ‘चहा टाका.’”

मेकॅनिकने कप खाली ठेवला. यजमानांच्या काळी वायरलेसवर तोच बसायचा; ‘शिरतो’पाठोपाठचं त्यांचं ‘चहा टाका’ त्यानेच ऐकलं होतं. “हे ह्याला कोणी सांगितलं?” तो पुटपुटला.

“वहिनी, मागे बाळंतीण आहे. रक्त थांबत नाहीये. ढगही उतरायला लागलेत.”

“मग ये ना बाळा.”

“आतला बाहेर आल्याशिवाय कसा येऊ? तुमचीच शिकवण.”

वहिनींचं बोट बटणावर थांबलं. खिंड मोकळी आहे, असं त्या इतकी वर्षं सांगत आल्या होत्या. यजमान बाहेर आले, असं मात्र कधीच म्हणाल्या नव्हत्या. तो निरोप आता यजमानांच्या वतीने त्यांनीच द्यायचा होता.

“आतलं विमान बाहेर आलं,” त्या म्हणाल्या. “मी ऐकलं. ये तू.”

“शिरतो.”

मेकॅनिक उभाच राहिला.

“बाहेर आलो,” बऱ्याच वेळाने चष्मा म्हणाला. “वहिनी, दिसलं कोणीच नाही. पण ढगात वाट पडली होती. नुकतंच कोणी पुढे गेल्यासारखी. त्या वाटेनेच आलो.”

“बाळंतीण?”

“शुद्धीत आहे. गाडी तयार ठेवा.”

मेकॅनिक गाडीकडे धावला. वहिनी वायरलेसजवळून उठल्या नाहीत. त्यातून आता नुसती खरखर येत होती.