कोपर सुटलेला फोटो

बुलढाण्यातल्या एका हाडांच्या दवाखान्यात मी एक्स-रे काढते. लोकांच्या तोंडाऐवजी हातांकडे बघत बसायची मला खोड आहे. तिच्यापायी मी पुष्कळ बोलणीही खाल्ली आहेत.

देऊळघाटच्या सत्यभामाबाई त्या दिवशी बाहेर बाकावर बसल्या होत्या. महिन्यापूर्वी मेथी उतरवताना ट्रॉलीवरून पडून त्यांच्या उजव्या हाताचं, कोपराखालचं एक हाड मोडलं होतं. आज प्लास्टर निघालं. हाड जुळतंय, व्यायाम करा, असं डॉक्टर हात चाचपून म्हणाले. मी त्यांच्या हातावर फुटाणे ठेवायला गेले, तर निम्मे फरशीवर. तळवा वर होईचना. बाई अख्ख्या कमरेतून वाकल्या, तरी नाही.

“हा हात पालथाच काऊन राह्यते, प्रतीक्षा?” त्यांनी विचारलं.

मलाही ते कळेना आणि कळेपर्यंत चैन पडेना. महिन्यापूर्वीचा फोटो कपाटातून बाहेर काढला. मनगट होतं, मोडलेलं हाड होतं, कोपर नव्हतं. आणि तो फोटो मीच काढला होता.

दोन्हीकडचे सांधे फोटोत आलेच पाहिजेत, हे मला झोपेतही पाठ आहे. पण हाड मोडलं त्या दिवशी त्यांच्या दंडातली चांदीची वाकी घसरून सुजलेल्या कोपरावर अडकली होती. कापू का म्हटलं, तर बाई कडाडल्या, “आमच्यात वाकी उतरवतात ते सुनेच्या दंडात घालाले!” मुलगा प्रज्वल अजून बिनलग्नाचा. मी वरमले आणि वाकी टाळून फोटो काढला. पुढे तेल लावून वाकी वर सरकवली, प्लास्टर झालं. पुन्हा फोटो काढायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आता कोपराचा फोटो काढला. हातात दोन हाडं असतात. एक दुसऱ्याभोवती फिरतं, तेव्हा तळवा वळतो. मोडलेलं हाड वाकलं होतं आणि त्याने शेजारच्या हाडाचं वरचं टोक कोपरातून पुढे ढकललं होतं. किती सरळ हिशोब! क्षणभर मला आनंदच झाला, मग त्या आनंदाची लाज वाटली.

गप्प राहिले असते तर कुणी विचारलं नसतं. दोन्ही फोटो घेऊन डॉक्टरांपुढे गेले. “कोपर मी सोडलं.”

“आणि मी मागितलं नाही,” ते चिडून म्हणाले. ऑपरेशन करून हाड सरळ करावं लागेल, आत धातूची पट्टी बसवावी लागेल. हात किती वळेल, ते आत्ता सांगता येत नव्हतं.

“मावशी, चूक माही हाय,” मी बाहेर येऊन म्हणाले. रडू आवरलं नाही.

प्रज्वल उसळला. “चाल आई, दुसऱ्या दवाखान्यात जाऊ!”

सत्यभामाबाई रागावल्या होत्याच.

“ऑपरेशन कुठंही कर,” त्या त्याला म्हणाल्या. “पण फोटो हिलेच काढू दे. हे पोरगी आता जन्मात कोपर सोडत नाही.”